लेझर कटरचा चौकोन वाकडा येतोय? आधी कर्ण मोजा, मग सेटिंगला हात लावा

मागच्या वर्षी गणपतीला आठ दिवस उरले होते आणि माझ्यासमोर एमडीएफचे बारा तुकडे पडले होते. घरच्या मखरासाठी मी ते माझ्या छोट्या डायोड लेझर कटरवर कापले होते. प्रत्येक बाजू पट्टीने मोजली, बरोबर ३०० मिलिमीटर. तरी जोडायला घेतलं की एका कोपऱ्यात दोन मिलिमीटरची फट!

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे थेट सेटिंगमध्ये घुसलो. दोन रात्री आकडे बदलत बसलो आणि तीन शीट वाया घालवल्या. दोष आकड्यांत नव्हताच. मशीनच तिरकी जोडली गेली होती, आणि ती जोडली होती मीच.

बाजू सारख्या, मग चौकोन वाकडा कसा?

लेझरचं हेड ज्या आडव्या पट्टीवर डावीकडे-उजवीकडे फिरतं, तिला गँट्री म्हणतात. हा झाला एक्स अक्ष. ही अख्खी गँट्री दोन बाजूंच्या रुळांवर पुढे-मागे जाते, तो वाय अक्ष. गँट्रीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जरा पुढे राहिलं, की दोन अक्षांमधला ९० अंशांचा कोन बिघडतो. मग तुम्ही चौरस सांगता आणि मशीन समभुज चौकोन काढते. बाजू सगळ्या ३००, कोपरे मात्र तिरके. छोट्या किचेनमध्ये हे कळतही नाही, मोठ्या तुकड्यात लगेच उघडं पडतं.

चूक कशी पकडायची?

गवंडी घराची आखणी करताना समोरासमोरचे कोपरे मोजतो. आपणही तेच करायचं. पुठ्ठा चिकटपट्टीने घट्ट बसवा, पॉवर कमी ठेवा आणि ३०० मिमीचा चौरस नुसता आखा, कापू नका. (गॉगल लेझरच्या तरंगलांबीला साजेसाच हवा, आणि मशीन चालू असताना जागेवरून हलू नका.) आता स्टीलच्या पट्टीने दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही साधारण ४२४.३ मिमी यायला हवेत.

माझे आले ४२५.७ आणि ४२२.९. फरक २.८. त्याला १.४ ने भागलं की आले २. म्हणजे ३०० मिमीच्या अंतरात गँट्री २ मिमी तिरकी. फटही तेवढीच होती!

सरळ कशी करायची?

१. प्लग काढा. वीज चालू असताना मोटर गँट्रीला धरून ठेवतात.

२. आधी फ्रेम तपासा. चारही कोपऱ्यांना गुण्या लावून बघा आणि फ्रेमचेही कर्ण मोजा. फरक असेल तर कोपऱ्यांचे स्क्रू सैल करून फ्रेम सरळ करा, मग आवळा.

३. गँट्री हळूच पुढे आणा. पुढच्या पट्टीपासून तिच्या दोन्ही टोकांचं अंतर मोजा. ते सारखं हवं.

४. सारखं नसेल आणि दोन्ही बाजू एकाच दांड्याने जोडलेल्या असतील, तर एका बाजूच्या पुलीचा छोटा स्क्रू सैल करा, मागे राहिलेलं टोक जागेवर आणा आणि स्क्रू आवळा. दोन वेगळ्या मोटर असतील तर बंद मशीनवर एकच बाजू हलवा.

५. पुन्हा चौरस आखा, पुन्हा कर्ण मोजा. माझं तिसऱ्या वेळी जमलं.

आता आकड्यांची पाळी

मशीन एक मिमी सरकायला मोटरला किती स्टेप लागतात, हा आकडा कंट्रोलरमध्ये असतो. २०० स्टेपची मोटर, १६ मायक्रोस्टेप, २० दातांची पुली आणि २ मिमी पिचचा बेल्ट असेल तर हिशोब सोपा आहे: ३२०० भागिले ४०, म्हणजे ८०.

३०० मिमीची रेघ मागितली आणि २९९ आली, तर नवा आकडा = ८० × ३०० ÷ २९९ = ८०.२७. जीआरबीएलवर चालणाऱ्या मशीनमध्ये एक्ससाठी $१०० आणि वायसाठी $१०१ ही सेटिंग असते (टाइप करताना इंग्रजी आकडे वापरा). जुना आकडा आधी लिहून ठेवा. मोबाईल अ‍ॅपमध्ये ही सेटिंग दिसली नाही, तर लॅपटॉप जोडून लेझरजीआरबीएलसारख्या सॉफ्टवेअरमधून बदला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. फरक मोठा असेल तर आकडा बदलण्याआधी बेल्ट सैल आहे का ते बघा. आणि कापलेला तुकडा मोजून हा आकडा ठरवू नका. लेझर कापताना थोडं लाकूड जाळतो, त्यामुळे तुकडा लहानच भरतो. आखलेल्या रेघेच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा.

क्रम मात्र उलटा करू नका. तिरक्या मशीनचे स्टेप बदलले तर बाजूंची मापं बिघडतात, कोन तसाच राहतो. माझ्या दोन रात्री यातच गेल्या.

मखर शेवटी आदल्या रात्री उभं राहिलं, चौथ्या शीटमधून. आता मशीन टेबलावरून हलवली, की मी आधी पुठ्ठा लावतो आणि दोन कर्ण मोजतो. पाच मिनिटं लागतात.