पित्ताम्ल आणि आम्लपित्त

या आठवड्यात पित्ताम्लांच्या तपासणीतल्या सेलेनियमच्या कॅप्सूलबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मधेच सिन्नरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकणं मला बरं वाटेना.

ताईंचं पित्ताशय तीन वर्षांपूर्वी खड्यांमुळे काढलं. त्या विचारतात, "पित्ताची पिशवीच काढली, तर मला अजून पित्त होतं कसं? आत काही राहून तर गेलं नाही ना?" मग छातीतली जळजळ, आंबट ढेकर, उपासाच्या दिवशी डोकं चढणं, असं दीड पान. आणि सहीच्या खाली ता. क. म्हणून एवढंच: "शिवाय सकाळी चहा घेतला की तीन-चारदा पळावं लागतं, पण पिशवी काढल्यावर तसं होतच असावं."

दीड पानाला थोडक्यात उत्तर देता येईल. आजचा लेख त्या ता. क.साठी आहे.

पण आधी त्या शब्दाचं बघू. मराठीत 'पित्त' किती ठिकाणी राबतो ते आठवून पाहा. जळजळ झाली की पित्त झालं. उन्हातून आल्यावर डोकं ठणकून उलटी झाली की पित्त पडलं. अंगावर गांधी आल्या की पित्त उठलं, आणि घरातलं जुनं माणूस लगेच आमसुलं भिजत घालतं. राग आला की पित्त खवळतं. मेडिकलच्या काउंटरवर 'पित्ताची गोळी द्या' म्हटलं की ॲसिडिटीची गोळी हातात पडते, कुणी दुसरं काही विचारत नाही.

याचं मूळ जुनं आहे. आयुर्वेदातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा रस एवढंच नव्हे; तो तीन दोषांपैकी एक. त्याचे पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक असे पाच प्रकार, आणि त्यातला भ्राजक तर त्वचेत सांगितलेला. गांधींना शीतपित्त म्हणतात आणि जळजळीला अम्लपित्त. माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे. त्या शास्त्रात हे शब्द आपापल्या जागी चोख बसतात. घोटाळा नंतरचा. आधुनिक शरीरशास्त्र मराठीत आलं तेव्हा यकृतातल्या हिरवट-पिवळ्या द्रवाला पित्तरस म्हटलं, तो साठवणाऱ्या पिशवीला पित्ताशय. एकाच नावाची दोन माणसं एका वाड्यात राहायला आली, आणि तेव्हापासून एकाची पत्रं दुसऱ्याच्या घरात पडताहेत.

तर ताई, तुमची जळजळ जठरातल्या आम्लाची आहे. पिशवीत ते आम्ल कधी नव्हतंच, त्यामुळे पिशवी गेली म्हणून जळजळ जाईल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. जळजळ होते म्हणजे आत काही राहिलं, असं नाही. जळजळीवर वेगळे उपचार आहेत आणि ते सगळीकडे मिळतात.

आता तुमची ता. क. ती थेट या लेखमालेच्या विषयात येते: पित्ताम्लं. गंमत वाटते ती ही की आम्लपित्त हा शब्द उलटा केला की पित्ताम्ल होतो, आणि आजारही तसाच उलटा, अन्नमार्गाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे त्रास जठराच्या वरच्या तोंडाशी, इथे मोठ्या आतड्यात. पित्ताम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं आणि साबणासारखी ती जेवणातल्या चरबीचे बारीक थेंब करतात. पित्तरसाचा पिवळा-हिरवा रंगही त्यांचा नव्हे, तो बिलिरुबिनचा. शुद्ध पित्ताम्ल पांढरी पूड असते. म्हणजे शौचाचा रंग पिवळा दिसला म्हणून पित्ताम्लांचा त्रास आहे किंवा नाही, हे रंगावरून ठरत नाही. हे मला कळायला फार उशीर झाला.

मागच्या आठवड्यातलं रहाटगाडगं आठवत असेल. अंगातली सगळी पित्ताम्लं मिळून जेमतेम तीनेक ग्रॅम, पाऊण चमचा साखर होईल एवढी. तीच पुन्हा पुन्हा वापरली जातात: यकृतातून आतड्यात, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून रक्तात, रक्तातून परत यकृतात, एका जेवणामागे दोनेक फेऱ्या. प्रत्येक फेरीत शंभरातली पंच्याण्णव तरी परत उचलली जातात. निसटणाऱ्या पाचांची दहा झाली तर वर काहीच बदलल्यासारखं वाटत नाही, पण मोठ्या आतड्यावरचा भार दुप्पट होतो. मोठं आतडं हा भार सोसत नाही; ते पाणी आणि क्षार बाहेर सोडतं आणि घाईनं आकुंचन पावू लागतं. ती घाई ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वर्णनाची गरज नाही.

पिशवीचं काम होतं साठवण्याचं. यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. पिशवीत मावतो तीस-पन्नास मिलिलिटर, म्हणून ती त्यातलं पाणी शोषून तो दाट करून ठेवते आणि जेवणाची चाहूल लागली की सोडते. पिशवी गेली तरी यकृताचं काम थांबत नाही. रस झिरपत राहतो, रात्रभराचा लहान आतड्यात जमतो, आणि सकाळच्या पहिल्या घोटाबरोबर तो साठा पुढे ढकलला जातो. रहाटाच्या फेऱ्याही वाढतात. म्हणून चहा घेतला की.

एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण हे वाचून कुणी शस्त्रक्रिया टाळायला नको. त्रास देणारे खडे काढलेच पाहिजेत. पूर्वी त्यासाठी बरगडीखाली वीतभर चीर द्यावी लागे. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी 1985 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, आणि भारतात ती शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली आपल्या महाराष्ट्रातच: 1990 मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहम्टन उदवाडिया यांच्या हातून. साध्या सरकारी रुग्णालयातल्या गरीब रोग्यालाही हे मिळालं पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. आज नाशकात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घरी जातो तो त्या वाटेवरून. पिशवी काढलेल्यांपैकी साधारण दहातल्या एखाद्याला पातळ शौचाचा त्रास होतो, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत आपोआप शमतो. तीन वर्षं टिकलेला त्रास मात्र 'तसं होतच असावं' म्हणून सोडून द्यायचा नसतो.

मी सहा वर्षं तसा सोडला होता. खरं तर सोडला नव्हता, दवाखाने केले; पण प्रत्येक ठिकाणी बसल्या बसल्या म्हणायचो, "पित्ताचा त्रास आहे." मग सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी मिळायची. शौचाच्या तपासण्या झाल्या, दुर्बिणीतून मोठं आतडं पाहून झालं, सगळं चांगलं निघालं, आणि कागदावर 'आयबीएस', म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असं लिहून आलं. त्या सहा वर्षांत मी मुंबईला सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून जेवत नसे.

सातव्या वर्षी एका डॉक्टरांनी मला मधेच थांबवलं. म्हणाले, "पित्त हा शब्द न वापरता सांगा." मला पाचेक सेकंद काही बोलताच येईना. मग आठवून आठवून सांगितलं: साडेसहाला चहा, पावणेसातला पहिल्यांदा, आठच्या आत चार वेळा. पाण्यासारखं, नंतर जागा भाजल्यासारखी होते. रविवारी तर्रीवाली मिसळ खाल्ली तर दुपारपर्यंत. "रात्री झोपेतून उठावं लागतं?" हो. "कधीपासून?" तेव्हा कुठे माझ्या तोंडून पिशवीच्या शस्त्रक्रियेचं वर्ष निघालं. सहा वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं, कारण माझ्या लेखी तो विषय संपलेला होता.

आयबीएसचं लेबल लागलेल्या, जुलाब होणाऱ्या रुग्णांत चौथा ते तिसरा हिस्सा लोकांना खरं तर हा पित्ताम्लांचा त्रास असतो, असं युरोपातल्या चाचण्यांतून पुढे आलं आहे. हा आजार निदानातून निसटतो आहे का, असा प्रश्न 1985 मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखाच्या शीर्षकात विचारला होता. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

आपल्याकडे बहुतेक वेळा निदान आणि उपचार एकाच पुडीतून होतात. इतर कारणं आधी बाजूला करायची: थायरॉईड, सेलिॲक, जंत, दूध न पचणं, मधुमेहाची मेटफॉर्मिन, आणि आपल्या भागात विसरून चालणार नाही तो आतड्याचा क्षय. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, ताप असेल तर दुर्बीण आधी. हे सगळं झालं की डॉक्टर कोलेस्टायरामिन नावाची पूड देऊन पाहतात. फरक पडला तर ते बऱ्यापैकी उत्तर.

ही पूड विरघळत नाही. पेल्यात ढवळली की बारीक वाळूसारखी गरगरते आणि चमचा थांबताच तळाशी बसायला लागते. मी पातळ ताकात घालतो, पाच मिनिटं फुगू देतो, पुन्हा ढवळतो, एका दमात घेतो, आणि तळाला राहिलेल्या पुडीत आणखी घोटभर ताक घालून तेही पितो. कोरडी तोंडात टाकायची नाही. ती रक्तात जातच नाही. आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते आणि त्यांच्यासकट बाहेर पडते. पण ती पित्ताम्लांपुरती थांबत नाही, दुसरी औषधंही धरते. म्हणून बाकीच्या गोळ्या पुडीच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनंतर. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या भगिनींनी हे डॉक्टरांकडून वेळापत्रकासारखं लिहून घ्यावं. फार दिवस घेतली तर अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वांकडे लक्ष हवं. सुरुवात अर्ध्या पुडीनं, नाहीतर दुसऱ्या टोकाचा, बद्धकोष्ठाचा त्रास. मला चौथ्या दिवशी फरक कळला. त्या दिवशी मी आठ वाजता गोदावरीवर फिरायला गेलो होतो आणि परत निघेपर्यंत मला कसली आठवणही झाली नाही.

मेडिकलवाले ही पूड मागितली की विचारतात, "कोलेस्टेरॉल वाढलंय का?" प्रश्न बरोबर आहे. पित्ताम्लं बाहेर गेली की यकृत नवी बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, म्हणून हे औषध आधी हृदयासाठी गाजलं. 1984 मध्ये अमेरिकेत 3,806 पुरुषांवरच्या चाचणीत याच पुडीनं हृदयविकाराचा धोका 19 टक्क्यांनी उतरला होता. पुढे स्टॅटिनच्या छोट्या गोळ्या आल्या आणि वाळूसारखी पूड मागे पडली. कोलेस्टेरॉल या नावातही पित्त आहेच: ग्रीक भाषेत 'खोले' म्हणजे पित्त, 'स्टेरिओस' म्हणजे घट्ट. हा पदार्थ पहिल्यांदा पित्ताच्या खड्यांतच सापडला.

ज्यांचं लहान आतडं कापावं लागलं आहे त्यांनी मात्र या लेखावरून पूड मागू नये. शेवटचा भाग शंभर सेंटिमीटरहून जास्त गेला असेल तर ती चरबीचे जुलाब वाढवू शकते. त्यांचा हिशेब वेगळा, त्यावर स्वतंत्र लेख लिहीन.

ताई, तुम्ही आठवडाभर एका वहीत लिहा: किती वाजता, काय खाल्ल्यावर, किती वेळा, रात्री उठावं लागलं का. शस्त्रक्रियेची तारीख वरती. ती वही घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि ता. क. आधी वाचून दाखवा. जळजळीचं दीड पान नंतर.

कॅप्सूल पुढच्या आठवड्यात नक्की.