टपरीतला जादा जोड

मुलुंड पश्चिमेला स्टेशनबाहेर गटईकाम करणाऱ्या काकांची टपरी आहे. समोर रबरी स्लिपरचा एक जुना जोड कायम पडलेला असतो. तो विकायचा नाही. आपली चप्पल दुरुस्त होईतो पाय टेकायला ठेवलेला.

परवा माझ्या कोल्हापुरीचा अंगठा तुटला. काकांनी चप्पल फडक्याने पुसली, उलटी केली, टाक्यांवरून बोट फिरवलं. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं, शिवण चामड्याच्याच वादीची. "खिळा नको, तळ चिरेल," म्हणाले. रापीने वादी तासली, पाण्यात भिजवली आणि आरीने जुन्याच भोकातून ओवून घेतली. जून २०२५मध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा ती घडवणाऱ्यांबद्दल आपण पुष्कळ बोललो. ती चालती ठेवणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

पावसाळ्यात इथे छत्र्यांच्या काड्या आणि दप्तरांच्या चेनीही नीट होतात. गटई कामगारांसाठी समाजकल्याण खात्याची शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल देणारी योजना आहे. टपरी मिळते, मान मात्र गिऱ्हाइकानेच द्यायचा असतो. अजूनही माणसं तुटकी चप्पल पायानेच पुढे सरकवतात. काका ती हातांनी उचलतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चामड्याच्या कामावरून लांब बसवलं, त्यांच्यापुढे आजही असं वागताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

चपलेशिवाय चालणंही सगळ्यांचं सारखं नसतं. सोमवारी रात्री उपनगरांतून कितीतरी भाविक सिद्धिविनायकाला अनवाणी निघतात. तो नवस, चपला घरी असतात. ११ मार्च २०१८ला याच मुलुंडच्या वेशीवरून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत शिरला. नाशिकहून सहा दिवस, सुमारे १८० किलोमीटर. वनजमिनीचा हक्क मागणाऱ्या आदिवासी बायाबापड्यांच्या तळव्यांची सालपटं निघाली होती, काहींच्या पायांत काहीच उरलं नव्हतं. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, घरातल्या चपला आणून दिल्या. त्यानंतरही, दहावीच्या मुलांची परीक्षा बिघडू नये म्हणून, ती माणसं सोमय्या मैदानातून रातोरात आझाद मैदानाकडे चालत गेली.

काकांनी गाठ दाबली, वादीचं टोक कापलं. तेवढ्यात एक मुलगी लंगडत आली, तुटलेली सँडल हातात धरून. मी पायातला जोड काढला, वाकून हाताने उचलला आणि तिच्यासमोर ठेवला.