राष्ट्रीय उद्यानांतील ‘रस्टिक’ वास्तुशैली : संज्ञा व स्वरूप

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या जुन्या प्रशासकीय इमारती ज्या शैलीत उभारल्या गेल्या, तिला ‘रस्टिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. या संज्ञेला मराठीत ‘ग्राम्य’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु आपल्या साहित्यशास्त्राने ग्राम्यत्व हा दोष मानल्यामुळे तो येथे योजणे इष्ट नव्हे. या शैलीचा मीमांसक अल्बर्ट गुड यानेही १९३८ मध्ये मूळ इंग्रजी संज्ञा झिजलेली असल्याचे नमूद करून अधिक समर्पक नावाची आशा व्यक्त केली होती.

शैलीमागील तत्त्व मात्र सुस्पष्ट आहे. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली आणि १९१८ च्या धोरणपत्राने रस्ते व इमारती भूदृश्याशी सुसंवादी असाव्यात, असा दंडक घातला. माउंट रेनियर उद्यानातील लाँगमायर येथील प्रशासकीय इमारत (१९२८) हे त्याचे ठळक उदाहरण होय. तिच्या खालच्या भागात हिमनदीने वाहून आणलेले गोटे आहेत, तर वर ओंडक्यांचे काम आहे. हे घटक मुद्दाम अवजड ठेवलेले असतात. कारण प्रचंड वृक्ष व पर्वत यांच्या सान्निध्यात सडपातळ बांधणी केविलवाणी दिसते. याउलट, सांता फे येथील विभागीय कार्यालय (१९३७–३९) कच्च्या विटांचे आहे. द्रव्य बदलले, तत्त्व तेच राहिले. तेव्हा ‘रस्टिक’ हे ओंडक्यांचे नाव नसून स्थळाशी असलेल्या नात्याचे नाव आहे.

या साधेपणात एक विरोधाभासही आहे. मोजक्या हत्यारांनिशी काम करणाऱ्या आद्य वसाहतकारांच्या हातचे भासावे, असे हे बांधकाम वस्तुतः प्रशिक्षित वास्तुकारांनी आखलेले असे. त्याला श्रमही फार लागत. १९३३ ते १९४२ या काळात सरकारी रोजगार योजनेतील तरुणांमुळे ते परवडले. युद्धोत्तर काळात ते महाग ठरले आणि १९५६ पासूनच्या ‘मिशन ६६’ योजनेने आधुनिक शैली स्वीकारली.

१९८७ मध्ये उपर्युक्त दोन्ही वास्तूंना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. लक्ष वेधून न घेण्यासाठी बांधलेल्या इमारती अशा रीतीने स्वतःच प्रेक्षणीय ठरल्या. लाकूड कुजते, माती झिजते. म्हणून जतन मूळ द्रव्याचे करावयाचे की मूळ नात्याचे, हा प्रश्न उरतो. संज्ञेचा अर्थ नीट निश्चित केल्यास त्याचे उत्तर दुसऱ्या पर्यायाकडे झुकते.