देज, कोयता आणि सातबारा : यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंबरचना

इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतीय नातेव्यवस्थेचे प्रदेशवार विभाग पाडताना महाराष्ट्र उत्तर व दक्षिण यांच्या सांध्यावर मांडला आणि मामेबहिणीशी होणारा विवाह ही त्या सांध्याची एक खूण मानली. पैनगंगेने तेलंगणापासून वेगळा झालेला यवतमाळ जिल्हा या सांध्यावरच वसला आहे. येथे मराठीबरोबर गोरमाटी बोलणारे बंजारा तांडे आहेत, तसेच गोंडी व कोलामी या द्रविड भाषा बोलणारे गोंड आणि कोलाम आहेत. तथापि विवाह कोणाशी व्हावा हे रूढी सांगत असली, तरी तो कोणत्या अटींवर व्हावा हे बहुधा घरची ऐपत ठरवते.

वरपक्षाने वधूपित्यास रक्कम किंवा गुरे द्यावयाची रीत, म्हणजे देज, गोंडांत आणि बंजाऱ्यांत रूढ होती. देज न परवडणारा गोंड तरुण भावी सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबून ते फेडी, आणि या प्रकारास अभ्यासक सेवाविवाह म्हणतात. शिक्षण, नोकरी व बागायत आली तशी बंजारा समाजात देण्याची दिशाच उलटली आणि देजाच्या जागी हुंडा आला, तोही 1961 चा हुंडाबंदी कायदा झाल्यानंतरच्या काळात. याच समाजातील, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक यांनी 1941 मध्ये वत्सलाबाई घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला आणि पुढे 1963 ते 1975 ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ज्या शिक्षणाने एका घराला जातीची वेस ओलांडता आली, त्याच शिक्षणाने इतर अनेक घरांत नवरदेवाचा भाव वाढवला, हे प्रगतीच्या हिशेबात सहसा धरले जात नाही.

पुसद-महागाव परिसरातील कोरडवाहू तांड्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कुटुंब आणखी वेगळ्या रीतीने घडते. तेथे पती-पत्नीच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, या जोडीवर देतो. साहजिकच अविवाहित तरुण अर्धा कोयता ठरतो आणि लग्न लवकर उरकण्याकडे कल राहतो. मुले एक तर आजीपाशी राहतात, नाही तर फडात जातात. गुढीपाडव्याला ठरणारा सालगड्याचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतमजुराचा, करारही पुरुषाच्या नावे होतो, पण मालकाच्या गोठ्यातील शेणकाढणी पुष्कळदा त्याच्या बायकोकडे येते. संयुक्त कुटुंबाच्या ऱ्हासावर हळहळणारे लेखन या घरांविषयी क्वचितच बोलते, कारण एकत्र राहण्याजोगी जमीन त्यांच्याकडे कधी नव्हतीच.

विधवेच्या बाबतीत ऐपतीनुसार पडणारा हा भेद अधिक तीव्र होतो. कुणबी शेतकऱ्यांत विधवेचा पाट, म्हणजे साध्या विधीने होणारा पुनर्विवाह, मान्य होता, तर देशमुखी घराण्यांत तो कमीपणाचा समजला जाई. वरच्या थराचे आचार उचलून प्रतिष्ठा मिळवण्याच्या प्रक्रियेस एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण म्हटले. ती येथे घडली तेव्हा सुस्थितीत आलेल्या घरांनी सुनेची ही मोकळीक सर्वांत आधी काढून घेतली. सरकारी मदतीतही हाच भेद दिसतो: शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीपैकी 30 हजार रोख व उरलेले 70 हजार बँकेत ठेव, अशी रीत ठरली. मात्र त्यासाठी कुटुंबाच्या नावे जमिनीचा सातबारा उतारा आणि वित्तसंस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज लागते. त्यामुळे मक्त्याने शेती करणाऱ्याची पत्नी बाहेर राहते आणि शेत सासऱ्याच्या नावे असेल तर पात्र ठरलेल्या विधवेलाही जमिनीसाठी सासरचे तोंड पाहावे लागते. माहेरच्या जमिनीचा आधारही सर्वांना सारखा नाही: 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातून अनुसूचित जमाती वगळल्या असल्याने 2005 च्या दुरुस्तीने मुलींना दिलेला वडिलोपार्जित हक्क गोंड-कोलाम मुलींना आपोआप लागू होत नाही. त्यांचा वाटा व्यवहारात बहुधा जमातीच्या रूढीवर आणि भावांच्या मर्जीवर अवलंबून आहे.