लवंगेच्या तेलाचा वास

पोटाची ऑपरेशनं करणारे एक सर्जन दर रविवारी बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या दातांच्या दवाखान्यात शिकायला येतात, असं कानावर आलं, म्हणून गेलो. दार उघडताच लवंगेच्या तेलाचा वास आला.

सर्जन मूळचे बेळगावचे. अंटार्क्टिकावरच्या भारताच्या ‘मैत्री’ केंद्रात हिवाळा काढायला निघालेत. तिथे पंचवीसेक माणसं असतात आणि कित्येक महिने ना जहाज येतं, ना विमान. “दाढ ठणकली की सगळे माझ्याकडेच येणार,” ते म्हणाले.

इंजेक्शन, चिमटा, कापसाचा बोळा हे त्यांनी लगेच उचललं. हात अडत होता तो प्लास्टरमध्ये बसवलेल्या दाढेवर. “ओढू नका, हलवत राहा,” दंतवैद्य बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मग काचेच्या पट्टीवर पांढरी पूड आणि लवंगेचं तेल घोटणं. मिश्रण तीनदा सैल झालं, तिन्ही वेळा त्यांनी ते पुसून नव्यानं घोटायला घेतलं.

चहा घेताना ते म्हणाले, “१ तास ४५ मिनिटं.” ३० एप्रिल १९६१ ला नोवोलाझारेव्स्काया या तेव्हाच्या सोव्हिएत तळावरच्या २७ वर्षांच्या लिओनिद रोगोझोव यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढलं, त्याला लागलेला हा वेळ. डॉक्टर ते एकटेच. आरसा धरायला आणि जखम उघडी ठेवायला हवामानतज्ज्ञ आणि यंत्रचालक. आरशातलं उलटं दिसणारं फसवायचं, म्हणून ते बोटांच्या स्पर्शावर विसंबले. तो तळ ‘मैत्री’पासून काही किलोमीटरवरच आहे.

ध्रुवीय मोहिमांच्या गोष्टींत आपण नेते लक्षात ठेवतो. पण १८९८ मध्ये ‘बेल्जिका’ जहाज बर्फात अडकल्यावर स्कर्व्हीनं खंगलेल्या माणसांना पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावून उभं केलं ते डॉ. फ्रेडरिक कुक यांनी. १९१६ मध्ये एलिफंट बेटावर अडकलेल्या मोहिमेत, उलट्या घातलेल्या होड्यांखाली, डॉ. मॅक्लिननी क्लोरोफॉर्म दिला आणि डॉ. मॅकिलरॉयनी सहकारी ब्लॅकबरोच्या डाव्या पायाची सडलेली बोटं कापली. स्कॉटच्या हरवलेल्या तुकडीचा शोध घ्यायला निघालेल्या माणसांचे प्रमुखही डॉक्टरच होते, ॲटकिन्सन. त्यांच्यासोबत हिंदुस्थानातून पाठवलेली खेचरं होती. नोव्हेंबर १९१२ मध्ये त्यांना स्कॉटचा तंबू सापडला.

या सगळ्यांत मला धाडसापेक्षा तयारी मोठी वाटते. काय काय बिघडू शकतं, याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो.

दुपारी धडा संपला. सर्जननी एप्रन काढला आणि स्वतःच खुर्चीत आडवे झाले. उजवीकडची खालची दाढ किडायला लागली होती. “ही आत्ताच भरा,” ते म्हणाले. “बाकीच्यांच्या दाढा मी बघेन. माझी बघणारं तिथे कुणी नाही.”

बाईंनी दिवा खाली ओढला. लवंगेचा वास पुन्हा दवाखानाभर पसरला. भिंतीवरच्या घड्याळाकडे माझी नजर गेली आणि मनात पुन्हा तेच आलं: १ तास ४५ मिनिटं.