खोडकर पिल्ले, ब्रिटिश बालचित्रकथांतील

ब्रिटिश बालसाप्ताहिकांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला एक विनोदी पात्रप्रकार. डंडी (स्कॉटलंड) येथील डी. सी. टॉमसन या प्रकाशनसंस्थेच्या द डँडी (१९३७) व द बीनो (१९३८) यांपैकी दुसऱ्या साप्ताहिकात तो विशेष बहरला. त्यापूर्वीचा कथांतील कुत्रा बहुधा सद्‌गुणी असे. द डँडीमधील ‘ब्लॅक बॉब’ (१९४४) हा मेंढपाळाचा कुत्रा याचा नमुना होय. त्याच्या कथांत शौर्य व स्वामिनिष्ठा आहे, हशा नाही.

द बीनोमध्ये १९५१ साली डेव्हिड लॉ याने रेखाटलेला डेनिस हा द्वाड मुलगा अवतरला. १९६७ मध्ये ‘पप परेड’ या मालिकेत ‘बॅश स्ट्रीट’ शाळेतील वात्रट मुलांचे कुत्रे स्वतंत्रपणे धुडगूस घालू लागले, तर १९६८ मध्ये डेनिसला नॅशर हा कुत्रा मिळाला. डेनिसच्या काळ्या, विस्कटलेल्या केसांच्या झुपक्यालाच पाय, डोळे व दात जोडावेत, तसे नॅशरचे रूप आहे. मालकाचा व्रात्यपणाच जणू चार पायांवर धावतो. दात खाण्याच्या क्रियेवरून पडलेल्या त्याच्या इंग्रजी नावाच्या आरंभी अनुच्चारित ‘ग’ आहे; तो लेखकांनी ‘न’ने सुरू होणाऱ्या इतर शब्दांनाही जोडून कोटी साधली. ही गंमत अर्थात भाषांतरात उतरत नाही. १९८६ मध्ये नॅशर काही आठवडे बेपत्ता झाला आणि पिल्लांसह परतला. त्यांतील निपर हे पिल्लू पुढे बापाच्या जोडीने मालिकेचे नायक झाले.

डेनिसच्या खोडीचा शेवट पुष्कळदा वडिलांच्या सपातेच्या माराने होई. कुत्र्याचे चावणे मात्र त्याचा स्वभावच ठरते; त्यामुळे वाचकाला त्याच्या अपराधाला निःशंकपणे हसता येते. ही सवलत सर्वस्वी निरुपद्रवी नव्हती. वॉल्टर या मवाळ मुलाला डेनिस छळी, त्याच वेळी नॅशर वॉल्टरच्या फू-फू या पूडल जातीच्या कुत्र्यामागे लागे. दुबळ्याचा छळ अशा रीतीने कुत्र्यांच्या भांडणासारखा भासे. पुढे सपातेचा मार चित्रांतून गेला. एकविसाव्या शतकात वॉल्टरचे चित्रणही पालटले.

नॅशरची लोकप्रियता मात्र टिकून राहिली. १९७६ मध्ये निघालेल्या डेनिसच्या चाहता-मंडळाच्या सभासदांना हलत्या डोळ्यांचा, केसाळ असा नॅशरचा बिल्ला मिळे.