महागाची वस्तूसुद्धा खराब होते?

सणासुदीला दागिन्यांची डबी उघडली की घरातली चिल्लीपिल्ली भोवती गोळा होतात. ‘आई, आजीच्या नथीतले मोती असे निस्तेज का गं? ते तर महाग आहेत ना?’ आपण गडबडीत असतो. ‘हात लावू नकोस!’ म्हणून मोकळ्या होतो. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या लेखी महाग म्हणजे मजबूत. ‘कुणाची तरी नजर लागली’ असलं काही सांगण्यापेक्षा खरं कारण सांगावं. ते त्याला कळतं, बरं का!

समुद्रावरून आणलेला शिंपला घरात असेलच. तो बशीत ठेवा आणि मुलाच्या हातानेच त्यावर लिंबू पिळू द्या. बारीक बारीक बुडबुडे दिसतील. शिंपल्यातला चुनखडीसारखा पदार्थ आंबटाने विरघळतो आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. मोती शिंपल्यातच तयार होतो, थरावर थर चढत. दोघांचं घराणं एकच! म्हणून घाम, अत्तर यांनी मोत्याची झळाळी हळूहळू जाते. वर्षानुवर्षे अगदी कोरड्या जागी बंद राहिला, तर त्याला तडाही जाऊ शकतो.

मग चांदीची वाटी दाखवा. तिला रबर गुंडाळून ठेवलं, तर रबरातल्या गंधकाने ती काळी पडते. घासली की पुन्हा लखलखते. मोत्याचं तसं नाही. गेलेला थर परत येत नाही. हा फरक मुलांना सगळ्यात अवघड जातो. मी बालवर्गाला शिकवते. तिथे एका मुलीने विचारलं, ‘बाई, मग मोती मेला का?’ ‘नाही गं, म्हातारा झाला,’ म्हटलं. तिचं समाधान झालं. शास्त्रीय उत्तर नव्हे, पण त्या वयाला चालतं.

चांदीची पावडर मोत्यांना मात्र मुळीच लावू नका; मोती नरम, लगेच ओरखडे पडतात. नथ वेणीफणी, पावडर, अत्तर सगळं झाल्यावर घालावी आणि घरी आल्यावर आधी काढावी. मऊ मलमलीच्या किंचित ओलसर फडक्याने पुसून, वाळवून कापडी पिशवीत ठेवावी. प्लॅस्टिकची नको. पुसायचं काम मुलांकडे द्या, शेजारी बसून. धसमुसळी पोरंसुद्धा त्या वेळी श्वास रोखून पुसतात!